मोडक्या गाड्यांचं वाचन

धड्यात चारच वाक्यं होती. ‘आईनं दिवा बंद केला. चपला हातात घेतल्या. दार हळूच ओढून घेतलं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसली.’ खाली प्रश्न होता, आईनं असं का केलं?

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. अकरा मुलं, बावीस डोळे आणि उत्तर एकच.

“खून केला,” स्प्रिंग म्हणाला. हा मुलगा एका जागी बसत नसे, म्हणून स्प्रिंग.

“कुणाचा?”

“खोलीत जो होता त्याचा.”

“मग चपला कशाला हातात घेतल्या?”

“रक्ताचे ठसे उठतात बाई,” जाड चष्म्यातून बघत हेडलाईट म्हणाली. एवढं साधं बाईंना कळू नये याचं तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

बाईंनी खडू खाली ठेवला. “आत बाळ झोपलं असेल, असं कुणालाच वाटलं नाही?”

वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. शेवटी वॉशर, वर्गातली सगळ्यात लहान, अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, “बाई, पण बाळ कुठं लिहिलंय?”

“खून तरी कुठं लिहिलाय?”

“खून लिहीत नसतात बाई. खून लपवतात.”

न लिहिलेलं वाचायला शिकवायचं, असं बाईंना शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. कोणत्या वस्तीत, ते सांगितलं नव्हतं.

या वस्तीचा धंदा अपघातातल्या गाड्या तोडायचा. सकाळी आठला भोंगा झाला की घण पडायला लागत ते दिवस मावळेपर्यंत. माणसं एकमेकांशी ओरडून बोलत आणि पटलं नाही तर हातात जे असेल त्यानं बोलत. हातात बहुतेक वेळा पाना असे. डॉक्टरांनी दवाखान्यावर पाटीच लावली होती : ‘नंबर आधी आलेल्याचा नाही, आधी बेशुद्ध पडलेल्याचा.’ पोलीस एकदा आले होते. त्यांची जीप अजून तिसऱ्या रांगेत आहे, चाकं तेवढी गेली.

शाळा म्हणजे यार्डाच्या टोकाला उभी असलेली, सीटा काढलेली एक बस. फळा म्हणजे एका काळ्या गाडीचा बॉनेट. दोन्ही यार्डाच्या मालकाचं. बाईंना ही नोकरी लागली दादामुळे. दादा त्यांचा थोरला भाऊ, यार्डातल्या प्रेसवर कामाला, म्हणजे अख्खी गाडी दाबून तिची पेटी करणाऱ्या यंत्रावर. आईवडील गेल्यावर बाईंना त्यानंच वाढवलं. कॉलेजात एकानं त्यांची वाट अडवली, तर दादा त्याला प्रेसपाशी घेऊन आला, एक शब्द न बोलता एक गाडी दाबून दाखवली, चहा पाजला आणि सोडून दिलं. त्यानंतर बाईंचं शिक्षण निर्विघ्न पार पडलं.

बाळ न सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीसमोर एक लाल गाडी आणून टाकली. वर्ग पुस्तक सोडून तिकडे धावला. बाई रागावून मागोमाग खाली उतरल्या आणि तिथेच थांबल्या, कारण मुलं वाचत होती.

“झोपला होता हा,” स्प्रिंग म्हणाला. “सरळ घुसलाय. जागा माणूस शेवटी स्टिअरिंग वळवतो तरी.”

“शेजारी बायको होती. काचेत केस आहेत, लांब.”

“बायकोच कशावरून? बहीण असेल.”

“दोघांच्या मध्ये एकच पाण्याची बाटली आहे. बहिणीला वेगळी देतात.”

वॉशर मागच्या दारातून अर्धी आत शिरली होती. “मागं बाळ होतं,” ती आतून ओरडली. “ते वाचलं. सीटवर बिस्किटाचा चुरा आहे, रक्त नाही.”

चार वाक्यांत ज्यांना बाळ सापडलं नव्हतं, त्यांना ते मागच्या सीटवर सापडलं. बाईंच्या अंगावर काटा आला. तो भीतीचा होता की आनंदाचा, हे त्यांनी त्या दिवशी तपासलं नाही.

मग रोज दुपारचा तास यार्डात भरायला लागला. बॉनेटवर बाईंनी तीन प्रश्न कायमचे लिहून ठेवले. काय दिसतंय? आपल्याला काय ठाऊक आहे? म्हणून काय? मुलं आधी गाडी वाचत, मग तसंच पुस्तक. महिन्याभरात आईनं चपला हातात घेतल्या की अकरापैकी सात जण बाळ म्हणायला लागले. उरलेले चार खुनावर ठाम होते. वस्तीत बाईंचं नाव ‘म्हणूनबाई’ पडलं.

पहिले तीन दिवस मालकाचा भाचा येऊन मागं बसला होता. हा यार्डाचा मुकादम. उंचीनं वॉशरपेक्षा चार बोटं जास्त आणि आवाजानं भोंग्यापेक्षा. ही बाई माझ्या बसमध्ये काय करते ते बघून ये, असं मालकानं त्याला सांगितलं होतं. भाच्याला तास फार आवडला. “बरं आहे हो हे,” तो जाताना म्हणाला. “काय दिसतंय, काय ठाऊक आहे, म्हणून काय. झालं! पोलिसांची गरजच नाही.”

“अजून एक प्रश्न आहे, तो उद्या घेणार आहे,” बाई म्हणाल्या.

“तीन पुरे आहेत.”

चौथा प्रश्न होता, ‘दुसरं काय असू शकेल?’ तो लिहावाच लागला, कारण त्याशिवाय मुलं ‘म्हणून’वर पोचताच एकमेकांच्या उरावर बसत. एका निळ्या टेंपोच्या चालकानं दारू प्यायली होती की नाही, यावरून स्प्रिंगनं हेडलाईटचा चष्मा फोडला होता आणि तिनं त्याचा दात. चौथा प्रश्न आल्यापासून मारामारी करायला वेळच मिळेना. भाचा मात्र तो प्रश्न घेतला त्या दिवशी आला नाही.

आता ‘उचलणं’ म्हणजे काय ते सांगायला हवं. यार्डात कुणावर आळ आला की मालक त्याला एका मोडक्या गाडीत बसवून दार तारेनं बांधायचा. वरून क्रेनचा लोहचुंबक यायचा आणि गाडी माणसासकट वर जायची. पहिल्यांदा एक माणूस उंच. मालक खालून कर्णा लावून विचारायचा, “कबूल?” नसेल तर गाडी सोडायची. दुसऱ्यांदा दोन माणसं उंच. तिसऱ्यांदा क्रेनच्या अंगात असेल नसेल तेवढं. तिसऱ्यांदा पडलेला माणूस गुन्हेगार ठरायचा आणि प्रकरण मिटायचं. अपील नसे, कारण अपील करायला सहसा कुणी उरत नसे. नऊ वर्षांत दोघं तिसऱ्या उंचीपर्यंत गेले होते. एक गेटवर बसतो. मानेखाली त्याचं काही हलत नाही. दुसऱ्याची बायको मुलं घेऊन वस्ती सोडून गेली.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपून वर्ग भरला होता. बाई हजेरी घेत होत्या. एवढ्यात बाहेर धडाम् असा आवाज झाला, बॉनेटवरचा खडू खाली पडला आणि पाठोपाठ कुणीतरी किंचाळलं.

“पहिली उंची,” स्प्रिंग म्हणाला.

“वाचा,” बाई म्हणाल्या. पुढं त्यांना या शब्दाची आयुष्यभर लाज वाटली, पण तेव्हा तो सवयीनं गेला. कुठलाही आवाज आला की त्या हेच म्हणत.

“छोटी गाडी आहे,” हेडलाईट म्हणाली. “मोठीचा आवाज उशिरा थांबतो.”

“पुरुष आहे. बाई असती तर आधीपासून ओरडली असती. पुरुष पडल्यावर ओरडतात.”

“कोण असेल?”

मुलांनी कान टवकारले. मग वॉशर हळूच म्हणाली, “बाई, प्रेस बंद आहे.”

प्रेस कधीच बंद नसे. प्रेसचा घरघराट इतका सवयीचा होता की तो नसला तर कानात काहीतरी सांडल्यासारखं वाटे. दादा तर जेवणाच्या सुट्टीतही डबा मांडीवर घेऊन ती चालू ठेवायचा. बाईंनी हजेरीच्या वहीतून मान वर केली. अकराही मुलं त्यांच्याकडेच बघत होती आणि कुणीही ‘म्हणून’ म्हणायला तयार नव्हतं.

बाई बसमधून उडी मारून धावल्या. मागं अकरा मुलं. त्या क्रेनपाशी पोचेपर्यंत दुसरी उंचीही झाली.

तपकिरी रंगाची छोटी गाडी धुळीत आपटून तिरकी बसली होती. तिच्या खिडकीतून दादाचा चेहरा दिसत होता, म्हणजे चेहऱ्याच्या जागी जे होतं ते. वरचा ओठ फाटून नाकाला लागला होता. डावा खांदा एवढा खाली गेला होता की तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. सबंध वस्ती गोल करून उभी होती. मधोमध मालक, हातात कर्णा. बाजूला त्याची पांढरी गाडी. वस्तीतली ही एकमेव धड गाडी, तीही तो चालवत नसे, नुसती पुसायचा. तिचं पुढचं अंग आता आत गेलं होतं. क्रेनच्या पायाशी एका खुर्चीच्या ढलप्या पडल्या होत्या.

“दादा!”

“बारके, तू जा,” दादा म्हणाला. ओठ फाटल्यानं ते ‘तू दा’ असं ऐकू आलं. “मी काही केलेलं नाही. जा, पोरांना बघू देऊ नको.”

भाचा पुढं झाला. चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. “बाई, तुमच्याच पद्धतीनं शोधला! काय दिसतंय? मालकांची गाडी फुटली, खुर्ची फुटली. काय ठाऊक आहे? सुट्टीत यार्डात हा एकटा होता आणि याच्या हातात घण होता. म्हणून काय? म्हणून हा!” त्यानं हात झाडले. “दहा मिनिटं पण लागली नाहीत.”

बाईंनी शिकवलेलं एक माणूस अर्धं शिकला होता आणि त्या अर्ध्यानं त्यांच्या भावाचा खांदा मोडला होता.

“चढव,” मालकानं कर्ण्यात सांगितलं.

क्रेनवाले काका, म्हणजे हेडलाईटचे वडील, केबिनमध्ये बसले होते. त्यांनी पेडलवर पाय दाबला, चुंबक गाडीच्या टपाला चिकटला, आणि तपकिरी गाडी वर जायला लागली. जोवर काकांचा पाय पेडलवर, तोवर गाडी वर. पाय उचलला की खेळ खलास. गाडी बसच्या वर गेली, झाडाच्या वर गेली, आणि अशी थांबली की खालून फक्त तिचा तळ दिसत होता. तळातून एक एक थेंब खाली पडत होता. ते ऑइल आहे, असं बाई स्वतःला सांगत होत्या. एक थेंब त्यांच्या हजेरीच्या वहीवर पडला आणि तो ऑइल नव्हता.

“मालक!” बाई ओरडल्या. “एक तास घेऊ द्या!”

“काय?”

“वर्ग घेऊ द्या. ही तुमची गाडी. मुलांना वाचू द्या ती. नंतर काय करायचं ते करा.”

गर्दीत कुणीतरी हसलं. मालकानं घड्याळ पाहिलं. त्याला मजा वाटली. नऊ वर्षांत मरणाऱ्याच्या बाजूनं तास मागितलेलं हे पहिलंच माणूस. “दहा मिनिटं,” तो म्हणाला. “काकाचा पाय दुखेल.”

बाईंनी पदरानं वही पुसली, आणि आवाज शक्य तेवढा वर्गातल्यासारखा ठेवून म्हणाल्या, “चला. काय दिसतंय?”

मुलं पांढऱ्या गाडीला मुंग्यांसारखी चिकटली.

“घण नाही हा,” स्प्रिंग बंपरवर पडून म्हणाला. “घणाचे खड्डे वेगवेगळे पडतात. हा एकच पट्टा आहे, उभा.”

“पट्ट्यात पिवळा रंग लागलाय,” हेडलाईट म्हणाली. “यार्डात पिवळं एकच आहे. आमच्या बाबांची क्रेन.”

सगळ्यांच्या माना क्रेनच्या पायाकडे वळल्या. तिथं पिवळा रंग खरवडला गेला होता आणि पांढरा लागला होता. वस्तीभर कुजबुज झाली.

“म्हणून गाडी क्रेनवर आदळली,” बाई म्हणाल्या. “कुणी फोडली नाही. कुणीतरी चालवत होतं.”

“म्हणून यानं चालवली!” भाचा ओरडला.

“चौथा प्रश्न!” अकरा मुलं एका सुरात म्हणाली. “दुसरं काय असू शकेल?”

“हा कुठला प्रश्न?” भाचा गोंधळला. “हा नव्हता!”

वॉशर एव्हाना आत शिरून चालकाच्या सीटवर बसली होती. तिचे पाय पेडलला टेकले होते. ती त्या टेकलेल्या पायांकडे बघत राहिली. “बाई, सीट पुढं ओढलीय. पार पुढं. प्रेसवाले काका इथं मावणारच नाहीत. गुडघे कानात जातील.”

बाईंचे डोळे भरून आले. दादा सहा फूट दोन इंच होता. देवानं त्याला हे दोन इंच कशासाठी दिले ते आज कळलं.

“म्हणजे कुणीतरी बुटकं,” गर्दीतून आवाज आला.

आणि सबंध वस्तीनं भाच्याकडे पाहिलं.

वस्तीला चौथा प्रश्न शिकवलेला नव्हता. भाच्याच्या तोंडावर पहिला ठोसा टायरवाल्यानं मारला. त्याला तीन वर्षांपासून निमित्त हवं होतं. दुसरा कुणी मारला ते कळलं नाही, कारण त्यानंतर ठोसे मोजण्यासारखे राहिले नाहीत. त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज बाईंनी स्पष्ट ऐकला. चौघांनी त्याला हातापायांनी उचललं आणि दार उघडं असलेल्या एका हिरव्या गाडीकडे न्यायला लागले. “मी नाही! मामा! मी नाही हो!” तो ओरडत होता.

“प्रेसवाल्याला खाली घ्या,” मालक म्हणाला. “याला चढवा. बहिणीचा असला तरी न्याय तो न्याय.”

क्रेन करकरली. तपकिरी गाडी हातभर खाली आली. बाईंच्या जिवात जीव आला. आता फक्त गप्प राहायचं होतं. भाचा उपाशी विंचवाइतका प्रेमळ माणूस, त्यानंच दादाला वर चढवलं, आणि आता त्याचं त्याला. बाईंनी वॉशरला हात धरून गाडीतून ओढलं. “चल. तास संपला.”

“पण बाई, उशी राहिली.”

“कसली उशी? चल म्हणते ना.”

“सीटवर उशी आहे. भाचेसाहेबांनाही उशी लागली असती, पण ही त्यांची नाही. बामाचा वास येतोय. आणि लोकरीची फुलं आहेत उशीवर.” वॉशर बाईंकडे बघत होती. तिला उत्तर आलेलं होतं आणि ते बाईंना का नकोय, ते तिला कळत नव्हतं. “बाई, तुम्हीच म्हणालात, जे दिसतंय ते सोडायचं नाही.”

पलीकडे भाच्याचं डोकं हिरव्या गाडीच्या चौकटीवर आपटलं. दोनदा. त्याचं ओरडणं बंद झालं.

बाईंनी वर पाहिलं. दादाची गाडी अजून दोन मजले वर होती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “मोठ्यानं वाच.”

“आजींनी चालवली,” वॉशर मोठ्यानं म्हणाली.

आजी म्हणजे मालकाची आई. वय ब्याऐंशी. यार्डासमोरच्या माडीवर एकटी राहायची आणि दिवसभर लोकरीची फुलं विणायची. भाच्याला धरलेल्यांनी त्याला आहे तिथं टाकलं. मालकाच्या हातातला कर्णा खाली आला.

“माझ्या आईनं?” तो म्हणाला. मग हसला. “म्हातारी आहे हो. फिरवून बघितली असेल. चुकून लागली असेल. चुकीला काय…”

“चुकून नाही,” स्प्रिंग जमिनीकडे बघत म्हणाला. “ब्रेक मारलेला नाही. टायरची एक खूण नाही. आणि वळवलेली आहे. सरळ रस्ता तिकडं होता, गाडी मुद्दाम इकडं वळवली.”

“इकडं काय होतं?” हेडलाईटनं सवयीनं विचारलं.

“खुर्ची.”

“खुर्चीत दुपारी कोण झोपतं?”

क्रेनच्या पायाशी, सावलीत, जेवणानंतर रोज अर्धा तास मालक झोपायचा. आज त्याच्या पोटात कळ आली आणि तो उठून संडासात गेला. तेवढ्यावर तो जिवंत होता.

मालक त्या ढलप्यांकडे बघत उभा राहिला. बाईंनी आयुष्यात पुष्कळ मुलांना धडा कळताना पाहिलं होतं. चेहऱ्यात आधी डोळे बदलतात. मालकाचे बदलले. मग त्यानं कर्णा फेकला, जमिनीवरचा लोखंडी पाइप उचलला आणि क्रेनची शिडी चढायला लागला.

“सोड!” तो ओरडत होता. “पाय काढ! प्रेसवाल्यानंच केलं! तिसऱ्यांदा पडला की झालं, मिटलं! सोड त्याला!”

काकांनी पाय काढला नाही. मालकानं पाइप त्यांच्या डोक्यात घातला. काकांचं डोकं बाजूला कलंडलं, कानातून रक्ताची धार लागली, पण पाय जागेवर. मालकानं दुसरा फटका मांडीवर मारला. तपकिरी गाडी वर झुलली. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून पेडलवर दाबून ठेवला.

पहिला नट हेडलाईटनं मारला. मुठीएवढा नट मालकाच्या मानेवर बसला. मग उरलेली दहा जणं. या वस्तीतली मुलं चालायच्या आधी नेम धरायला शिकतात. मालकाचा कान फुटला, कपाळ फुटलं, एक डोळा मिटला, तरी तो पाइप उगारतच होता.

बाईंच्या हातात केव्हा तरी पाना आला होता, ट्रकच्या चाकाचा, हातभर लांब. त्या शिडी चढल्या. अभ्यासक्रमात हे नव्हतं. त्यांनी मालकाच्या गुडघ्याच्या वाटीचा नेम धरला, दोन्ही हातांनी पाना फिरवला आणि वाटी फुटली. तो आवाज त्यांना इतका आवडला की त्यांनी दुसऱ्यांदाही मारला. मालक केबिनमधून पाठीवर खाली पडला आणि धूळ उडाली.

“काका, हळूच,” बाई म्हणाल्या. “हळूच खाली घ्या.”

तपकिरी गाडी इतकी सावकाश खाली आली की धूळसुद्धा हलली नाही. तारा कापल्या. दादा बाहेर आला तो सरळ बाईंच्या खांद्यावर. त्याला उभं राहता येत नव्हतं. एका मोटारीचं दार आणून त्यावर त्याला निजवलं. जिवंत होता. डोळा उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. बाई प्रत्येक उघडण्याची वाट बघत होत्या.

तेवढ्यात गर्दी फाकली. आजी आली होती. हातात काठी, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. तिनं आधी भाच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग धुळीत पडलेल्या मुलाकडे.

“आई,” मालक म्हणाला. “तू मला मारायला…”

“हो.”

“का?”

“नऊ वर्षं सांगतेय, माणसं पाडत जाऊ नकोस, कपाटातल्या बश्या फुटतात. एक बशी उरली होती. काल तीही गेली.”

“बश्यांसाठी? आई, बश्यांसाठी?”

“माणसांबद्दल बोलले असते तर तू ऐकलं असतंस का?” आजीनं काठीनं त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर हलकेच टोचलं. तो किंचाळला. “बश्यांबद्दल बोलले, तेही नाही ऐकलंस. लहानपणापासून असाच.”

मग तिनं काठी टेकत तपकिरी गाडी गाठली, चालकाच्या जागेवर बसली, साडी नीट केली आणि वर बघून म्हणाली, “चला. मी केलंय. कबूल करून बसलेय. नियम तो नियम. उचला.”

काका केबिनमधून उतरत होते. एक हात कानावर, दुसरा हेडलाईटच्या खांद्यावर. “मला नाही जमणार, आजी,” ते म्हणाले. “पाय गेला माझा.”

“मग दुसरा कुणी बसा. एवढे उभे आहात!”

कुणी हललं नाही. टायरवाल्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. चौघांनी भाच्याला वाकून उचललं आणि अगदी जपून, कच्च्या अंड्यासारखं त्याचं डोकं धरून, दवाखान्याकडे नेलं. केबिनची शिडी रिकामी होती आणि सबंध वस्ती तिच्यापासून जरा लांब सरकली.

दादाला निजवलेलं दार दुसऱ्या चौघांनी खांद्यावर घेतलं. बाई त्याचा धड हात धरून शेजारून चालल्या होत्या. बसपाशी पोचल्यावर त्यानं तो हात दाबला.

“बारके. ती म्हातारी अजून तिथंच?”

“हो.”

“उन्हात?”

“हो रे.”

“थांबवा मला इथं,” दादा म्हणाला. “कुणीतरी तिला पाणी न्या.”

वॉशर पाण्याची बाटली घेऊन पळाली. बाईंनी मागं वळून पाहिलं. आजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत बसली होती. मालक एका पायावर फरफटत गाडीपर्यंत पोचला होता आणि दाराची मूठ ओढत होता. “आई, उतर. उतर ना, आई. मी पाया पडतो तुझ्या.” तो गाडीला फेरी मारून पलीकडच्या दाराशी गेला, तीही मूठ ओढून पाहिली, पुन्हा अलीकडे आला. आजीनं चारही दारं आतून लावून घेतली होती. वॉशरसाठी तिनं काच फक्त बाटली जाईल एवढी खाली केली, पाणी घेतलं, आणि पुन्हा वर केली.